न शिजवता होणारं कडधान्यांचं झटपट व्हीगन जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुपारी हाताशी जेमतेम वीस मिनिटं असतात. शेगडी पेटवायची इच्छा नसते, किंवा जिथे बसलोय तिथे शेगडीच नसते. तरी पोटभर हवं, प्रथिनं हवीत, आणि दूध, दही, अंडं काहीच नको. माझी बहुतेक दुपारची जेवणं गेली काही वर्षं अशीच होतात, आणि ओळखीतली माणसं त्याबद्दल तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून ते इथे एकत्र लिहून काढले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ‘न शिजवता’ म्हणजे ‘कच्चं’ नव्हे. बहुतेक कडधान्यं कधीतरी, कुणीतरी नीट उकळलेली असावी लागतात. ते काम डबाबंद करणाऱ्या कारखान्यात झालेलं असेल, टोफू बनताना झालेलं असेल, नाहीतर तुम्ही स्वतः सुट्टीच्या दिवशी कुकर लावून केलेलं असेल. जेवायच्या वेळी मात्र आच लागत नाही.

मग न शिजवता नेमकं काय काय वापरता येतं?

डबाबंद किंवा बरणीतले काबुली चणे, राजमा, पांढरा किंवा काळा घेवडा, अख्खा मसूर. हे सगळं डब्यातच शिजलेलं असतं, उघडलं की खाता येतं. पाकिटातला टोफूही सरळ खाता येतो, कारण सोयाबीनचं दूध उकळूनच तो जमवलेला असतो. शेंगदाणा हाही शेंगवर्गातलाच, त्यामुळे भाजलेले दाणे आणि पीनट बटर याच यादीत येतात. काबुली चणे आणि ताहिनी (तिळाची पेस्ट) वाटून केलेला तयार हमसही चालतो. आणि घरी आधी शिजवून फ्रीजरमध्ये ठेवलेलं कुठलंही कडधान्य.

या सगळ्यांत मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो काबुली चणा. दाणा टणक राहतो, हवा तेव्हा चुरडता येतो आणि आंबट, तिखट, गोडसर अशी कुठलीही चव त्याला मानवते. मसूर त्याच्या मागोमाग. राजमा फार पिठूळ असतो, त्यामुळे नुसत्या राजम्याचं गार जेवण मला जड जातं.

कडधान्य रात्रभर भिजवून तसंच कच्चं खाल्लं तर चालेल का? मऊ तर होतं.

राजम्याच्या बाबतीत अजिबात नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचं प्रथिन, असतं, आणि लाल राजम्यात त्याचं प्रमाण फार मोठं असतं. कच्चे किंवा अर्धकच्चे चार-पाच दाणेसुद्धा पुरतात. एक ते तीन तासांत मळमळ सुरू होते, मग उलट्या, मग जुलाब. माणूस सहसा काही तासांत सावरतो, पण ते तास फार वाईट जातात. भिजवल्याने हे लेक्टिन नाहीसं होत नाही, मोड आणूनही त्याची खात्री देता येत नाही. ते नष्ट होतं फक्त खळखळून उकळल्यावर. किमान ५ तास भिजवायचं, ते पाणी ओतून द्यायचं, ताज्या पाण्यात घालायचं आणि उकळी फुटल्यावर कमीत कमी १० मिनिटं उकळू द्यायचं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन जास्त खात्रीसाठी ३० मिनिटं सांगतं. दाणा मऊ व्हायला तसाही त्याहून जास्त वेळ लागतोच.

यातली एक बाब बऱ्याच जणांना ठाऊक नसते. राजमा नुसता कोमट-गरम करणं हे कच्च्यापेक्षाही वाईट. साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंतच तापलेल्या राजम्याचा विषारीपणा पाचपटीपर्यंत वाढू शकतो. त्यामुळे मंद आचेवर तासन् तास ठेवणाऱ्या विजेच्या भांड्यात भिजवलेला राजमा सरळ टाकू नका. गरम पाण्याच्या थर्मासमध्येही नको. आधी खळखळून उकळा, मग पुढचं काय ते करा.

डबल बीमध्ये सायनाइड तयार करणारी संयुगं असतात, तीही कच्ची नकोच. काबुली चणे आणि मसूर इतके धोक्याचे नाहीत, पण कच्च्या दाण्यातला स्टार्च पचत नाही आणि प्रथिनांचं पचन अडवणारे घटकही तसेच राहतात. दुपारभर पोट डब्ब होऊन बसतं.

पण मोड आले की कच्चं चालतं ना? ते तर सगळ्यात पौष्टिक.

मोड आल्यावर दाणा पचायला हलका होतो आणि क जीवनसत्त्व वाढतं, हे खरं आहे. अडचण दाण्याची नाही, जंतूंची आहे. मोड यायला लागते ऊब आणि ओल, आणि साल्मोनेला, ई. कोलायसारख्या जंतूंना वाढायलाही नेमकं तेच लागतं. बी शेतातूनच दूषित आलं असेल, तर जंतू सालीच्या बारीक भेगांत बसलेले असतात. दोन दिवसांत ते कैक पटींनी वाढतात. मोड बाहेरून कितीही धुतले तरी आतले जंतू निघत नाहीत.

२०११ साली जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली होती. साडेतीन हजारांहून अधिक लोक आजारी पडले, ५० हून अधिक दगावले. शोध घेत घेत तज्ज्ञ पोहोचले ते मेथीच्या मोडांपर्यंत. मेथीही शेंगवर्गातलीच. ज्यांनी ते मोड खाल्ले, त्यांच्या ताटात ते आरोग्यदायी म्हणूनच आले होते. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा गरोदर बायका, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांनी कच्चे मोड खाऊच नयेत. बाकीच्यांनाही माझं सांगणं हेच, की आदल्या रात्री मोड वाफवून किंवा उकळून घ्या, गार करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशीचं जेवण तरीही बिनशेगडीचंच होतं. वरून किटलीतलं गरम पाणी ओतलं की धोका कमी होतो, पण संपत नाही. त्याला शिजवणं म्हणता येणार नाही.

आणि भिजवलेली मूगडाळ?

सालं काढून फोडलेली मूगडाळ दीड-दोन तासांत नखाने तुटेल इतकी मऊ होते. सगळ्या डाळींत तीच कच्ची खायला त्यातल्या त्यात सौम्य. सॅलडवर दोन-तीन चमचे भुरभुरवायला मला ती आवडते, छान कुरकुरीत लागते. पण जेवणाचा मुख्य भाग म्हणून वाटीभर कच्ची डाळ घेऊ नका. पिण्याच्या पाण्यात भिजवा, पाणी ओतून पुन्हा धुवा आणि त्याच वेळी संपवा. वर सांगितलेल्या नाजूक गटांतल्या माणसांना इथेही शिजवलेलीच द्या.

डबाबंद कडधान्यांत काही सत्त्व उरतं का?

उरतं, आणि भरपूर उरतं. प्रथिनं, तंतू, लोह, फोलेट यांतलं बरंचसं तसंच राहतं. काही जीवनसत्त्वं उष्णतेने घटतात, पण ती घरी शिजवतानाही घटतातच. डबाबंद म्हणजे कमअस्सल, ही समजूत मनातून काढून टाका. कामाच्या गडबडीत ज्यांचं दुपारचं जेवण बिस्किटांवर भागतं, त्यांच्यासाठी कपाटातले दोन डबे फार मोठा आधार असतात.

खरी बाब मिठाची. बहुतेक डब्यांत मीठ बऱ्यापैकी असतं. दाणे गाळून वाहत्या पाण्याखाली धुतले, तर सोडियम साधारण ४० टक्क्यांपर्यंत कमी होतं. बिनमिठाचे मिळाले तर उत्तमच. धुताना चाळणीत दाणे हाताने हलवत राहा. आधी साबणासारखा फेस येतो, मग पाणी गढूळ जातं आणि मिनिटाभरात स्वच्छ यायला लागतं. फेस पूर्ण थांबेपर्यंत धुवा. डब्याचा तो धातूसारखा वास त्या पाण्याबरोबर निघून जातो.

४०० ग्रॅमच्या डब्यातून गाळून साधारण २४० ग्रॅम दाणे निघतात. एका भुकेल्या माणसाचं किंवा दोन बेताच्या भुकेच्या माणसांचं जेवण त्यात होतं.

डबा फुगलेला किंवा चेपलेला असेल तर?

फुगलेला, गळणारा किंवा उघडताना पिचकारी उडालेला डबा चवही न बघता टाकून द्या. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचं विष दिसत नाही, आणि त्याचा वासही येत नाही. सांध्यावर खोल चेपलेला डबाही नको. मधोमध किरकोळ पोचा असेल तर चालतो.

मी करतो ते सॅलड दर वेळी आळणी आणि पाणचट होतं. काय चुकतंय?

बहुधा दोन गोष्टी चुकतात. दाणे ओले असतात आणि तेल आधी पडतं.

पहिलं ओल्या दाण्यांचं. धुतलेले दाणे चाळणीतून सरळ भांड्यात गेले की प्रत्येक दाण्याबरोबर थेंबभर पाणी जातं. सगळं मिळून दोन-तीन चमचे पाणी होतं, आणि तुमचं लिंबू-मीठ त्यात विरून जातं. मलाही हे उशिरा कळलं. आठवडाभर मी नुसतं मीठ वाढवत होते आणि चव काही येत नव्हती. चाळणी दोन-तीनदा जोरात झटका, मग दाणे स्वच्छ कोरड्या पंच्यावर पसरा आणि दुसऱ्या टोकाने हलकेच चोळा. काही दाण्यांची सालं सुटून येतील. ती काढली तर खाताना कागदासारखं काही तोंडात येत नाही. वेळ नसेल तर राहू द्या.

दुसरं क्रमाचं. आधी आंबट आणि मीठ, मग दहा मिनिटं थांबायचं आणि शेवटी तेल. तेल आधी घातलं तर दाण्यावर त्याचा थर बसतो आणि लिंबाचा रस त्यावरून ओघळून तळाला जातो. कडधान्यं शेंदरासारखी बाहेरून माखून उपयोग नाही, त्यांच्यात चव मुरावी लागते.

तिसरी एक युक्ती आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फरक तिनेच पडतो. एक चतुर्थांश दाणे काट्याने चुरडा. अगदी लगदा नको, ओबडधोबड. त्या चुरडलेल्या दाण्यांमुळे लिंबू-तेलाला दाटपणा येतो आणि ते बाकीच्या दाण्यांना धरून राहतं. घास सुटा पडत नाही, पोळीत किंवा ब्रेडमध्ये भरला तरी बाहेर सांडत नाही.

आदल्या रात्री घरीच दाणे उकळत असाल, तर ते गरम असतानाच लिंबू आणि मीठ लावून ठेवा. गरम दाणा चव जास्त ओढून घेतो.

मापासकट एक कृती सांगा, अगदी डोळे मिटून करता येईल अशी.

ही मी आठवड्यातून दोनदा तरी करते.

लाल कांदा लहान असेल तर अर्धा, अगदी पातळ चिरा. मोठ्या भांड्यात टाका, वर २ मोठे चमचे लिंबाचा रस आणि पाव लहान चमचा मीठ घालून बोटांनी चुरा. हे पहिल्यांदा करायचं, बाकी सगळं नंतर. काबुली चण्यांचा ४०० ग्रॅमचा डबा गाळून, धुऊन, पुसून होईपर्यंत कांदा मऊ पडलेला असतो आणि लिंबाने त्याला गुलाबी रंग चढलेला असतो. कांद्याचा तिखट झणका गेला हे त्या रंगावरूनच कळतं.

त्यात चणे घाला, पाव भाग चुरडा, नीट हलवा. ते मुरतंय तोवर एक काकडी उभी चिरून चमच्याने मधल्या बिया खरवडून काढा आणि फोडी करा. टोमॅटो घट्ट घ्या, त्याचाही पाणचट गर काढून टाका. मूठभर कोथिंबीर किंवा पुदिना चिरा. सगळं भांड्यात, वर दीड मोठा चमचा चांगलं तेल, मिरपूड, हवी तर बारीक चिरलेली मिरची. आता चव बघा आणि मग वाटलंच तर मीठ वाढवा, कारण डब्यातल्या दाण्यांत मीठ असतंच.

हे सगळं सुरीला सवय असेल तर बारा मिनिटांत होतं. पहिल्या वेळी वीस लागतील.

मऊसर हवं असेल तर तेलाऐवजी २ मोठे चमचे ताहिनी, म्हणजे तिळाची पेस्ट, घ्या. त्यात लिंबू किंवा पाणी घातलं की ती आधी अचानक घट्ट, गोळाबंद होते. बिघडली असं समजून टाकू नका. चमचा चमचा गार पाणी घालत घोटत राहा, तीन-चार चमच्यांनंतर ती पांढुरकी होते आणि धार धरते.

कांदा-लिंबू नको, काहीतरी वेगळं हवंय.

२ मोठे चमचे पीनट बटर, १ मोठा चमचा सोया सॉस, १ मोठा चमचा लिंबाचा रस, चिमूटभर साखर आणि दोन-तीन चमचे कोमट पाणी एकत्र घोटा. घट्ट टोफूचे चौकोनी तुकडे पंच्यात गुंडाळून वर जड पुस्तक ठेवून दहा मिनिटं दाबा, पाणी निघून जाऊ द्या. मग या सॉसमध्ये घोळवा. सोबत किसलेलं गाजर आणि पातळ चिरलेला कोबी. सोया सॉस खारट असतो, वेगळं मीठ घालू नका.

मसुराला मात्र व्हिनेगर आणि मोहरीची पेस्ट छान लागते, लिंबापेक्षाही छान. पांढऱ्या घेवड्याला लसूण, ऑलिव्ह तेल आणि भरपूर मिरपूड पुरते. तो पूर्ण चुरडून ब्रेडला लावण्याजोगा करता येतो.

फ्रोजन मटार किंवा कोवळं सोयाबीन तसंच घालू का?

पाकीट वाचा. ‘शिजवून खा’ असं लिहिलं असेल तर शिजवायलाच हवं. कारखान्यात ते गरम पाण्यातून काढलेले असतात खरे, पण थंडीत तग धरणारा लिस्टेरिया नावाचा जंतू त्यावर असू शकतो. ‘खायला तयार’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच नुसते वितळवून घाला.

सोबत काय खाऊ? नुसत्या सॅलडने चार वाजता पुन्हा भूक लागते.

नुसत्या पानांचं सॅलड असेल तर लागणारच. दाण्यांचं प्रमाण वाढवा, थोडं तेल किंवा तीळ-दाणे हात आखडता न घेता घाला आणि काहीतरी पिष्टमय घ्या. ब्रेड, आधीची पोळी, गरम पाणी ओतून झाकून ठेवलेला कुसकुस (गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे), उरलेला भात.

भाताबद्दल एक सूचना. शिजवूनही मरत नाहीत असे एका जीवाणूचे बीजाणू भातात असतात, आणि भात बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात शिजल्यावर तासाभरात गार करून फ्रीजमध्ये गेला असेल, तरच दुसऱ्या दिवशी वापरा.

अमुक वस्तू व्हीगन आहे हे कसं ओळखायचं?

कडधान्य स्वतः व्हीगनच असतं, फसवतात त्या बरोबरच्या गोष्टी. मसाल्यातल्या डबाबंद बीन्समध्ये कधी डुकराची चरबी किंवा मांसाचे तुकडे असतात. मेयोनेजमध्ये अंडं, पेस्टोमध्ये चीज, वूस्टरशायर सॉसमध्ये मासे, ब्रेडमध्ये दुधाची भुकटी, तयार ड्रेसिंगमध्ये मध. घटकांच्या यादीत केसिन किंवा व्हे दिसलं तर ते दुधातलं आहे असं समजा. साध्या पाण्या-मिठातले दाणे घेतले, तर यातलं काहीच तपासावं लागत नाही.

यातून प्रथिनं पुरेशी मिळतात का? डाळी-कडधान्यांची प्रथिनं अपुरी असतात म्हणे.

शिजलेल्या १०० ग्रॅम मसुरात किंवा काबुली चण्यांत साधारण ९ ग्रॅम प्रथिनं आणि ८ ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. दोन मोठे चमचे पीनट बटरमधून आणखी ७ ग्रॅम. ब्रेडचे दोन तुकडे धरले तर एका जेवणाला चांगलाच आकडा होतो.

‘अपुरी’ या शब्दामागची गोष्ट अशी. कडधान्यांत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि लायसिन भरपूर. धान्यांचं नेमकं उलटं. दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात. ते एकाच घासात किंवा एकाच जेवणात असायला हवं असंही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की पुरतं. सोयाबीन तर एकटंही उत्तम आहे.

आणि लोह, बी-१२?

कडधान्यांतलं लोह शरीर सहज शोषत नाही, पण जोडीला क जीवनसत्त्व असलं की शोषण वाढतं. म्हणजे लिंबू पिळणं नुसतं चवीसाठी नसतं. ढोबळी मिरची आणि टोमॅटोही तेच काम करतात. उलट चहा-कॉफी शोषण अडवते, म्हणून जेवल्या जेवल्या लगेच चहा नको. तासभर जाऊ द्या.

बी-१२ मात्र कडधान्यांतून मिळत नाही. मोडांतूनही नाही, टोफूतूनही नाही. पूर्ण व्हीगन आहार असेल तर बी-१२ ची गोळी किंवा ते मिसळलेले पदार्थ घ्यावेच लागतात. हे टाळू नका. कमतरता सावकाश येते आणि नसांना कायमची इजा करू शकते. किती मात्रा घ्यायची ते डॉक्टरांना विचारा.

मला कडधान्यांनी फार गॅस होतो. ऑफिसात लाज वाटते.

लाजण्यासारखं काही नाही, हे शरीराचं साधं रसायन आहे. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या तोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नसतं, म्हणून त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जीवाणू त्या आंबवतात. त्यातून वायू होतो.

या शर्करा पाण्यात विरघळतात. म्हणूनच भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं आणि डब्यातले दाणे नीट धुवायचे. त्याशिवाय, एकदम वाटीभर खाऊ नका. पहिला आठवडा तीन-चार मोठे चमचे, मग हळूहळू वाढवा. आतड्यातले जीवाणू बदलायला वेळ घेतात, आणि बऱ्याच जणांना काही आठवड्यांत फरक जाणवतो. मसूर आणि टोफू तुलनेने सुसह्य असतात, तिथून सुरुवात करा. कच्चा कांदा आणि कोबीही वायू करतात, त्यामुळे दोष चण्यांना देण्याआधी एकदा कांदा वगळून बघा. आतड्याचा जुना त्रास असेल तर आहारतज्ज्ञांशी बोलूनच प्रमाण ठरवा.

सकाळी करून डब्यात नेलं तर दुपारपर्यंत टिकेल?

डबाबंद अन्न उघडलं की ते साध्या शिजलेल्या अन्नासारखंच नाशवंत होतं. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासभरच. तिथे फ्रीज असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर बर्फाची पिशवी आणि जाड अस्तराची पिशवी वापरा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: न उघडलेला डबा, एक लिंबू, छोट्या बाटलीत तेल-मीठ आणि अख्खी काकडी सोबत न्या, आणि तिथेच करा. झाकण ओढून उघडणारा डबा घ्या म्हणजे ओपनर शोधावा लागणार नाही.

भरून नेत असाल तर ड्रेसिंग आणि दाणे तळाला, त्यावर गाजर-कोबीसारख्या टणक भाज्या, पानं अगदी वर. खाताना हलवा. असं केलं तर पानं लोळागोळा होत नाहीत.

फ्रीजमध्ये हे जेवण तीन-चार दिवस चांगलं राहतं, पण काकडी-टोमॅटो रोज ताजे घाला. उरलेले दाणे टिनच्या डब्यातच ठेवू नका, काचेच्या किंवा झाकणाच्या भांड्यात काढा.

डबे नको, घरीच शिजवून साठवायचं आहे.

मग एकदाच अर्धा किलो चणे भिजवा. शिजल्यावर वजन दुपटीहून जास्त भरतं. पूर्ण निथळून, ताटात पसरून गार करा आणि डब्याच्या मापाच्या, म्हणजे २४० ग्रॅमच्या पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवा. आदल्या रात्री एक पुडी खाली फ्रीजमध्ये काढली की दुपारी तयार. ओले दाणे गोठवले तर एकच दगड होतो, म्हणून निथळणं महत्त्वाचं.

कुणी यातलं काय टाळावं?

शेंगदाणा आणि सोयाबीन यांची ऍलर्जी सर्वज्ञात आहे. ज्यांना शेंगदाण्याची ऍलर्जी आहे त्यांतल्या काहींना ल्युपिन या शेंगवर्गीय बीचाही त्रास होतो, आणि त्याचं पीठ काही ब्रेड-पास्त्यांत असतं. तीळही अनेकांना चालत नाही, म्हणजे ताहिनी आणि हमस दोन्ही गेले. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांनी बाकला (फावा बीन) खाऊ नये, त्यामुळे रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात. डब्यातला, शिजलेला बाकलाही नको.

लहान मुलांना अख्खे चणे किंवा दाणे देऊ नका, घशात अडकतात. चुरडून द्या. पीनट बटरही चमच्याने घट्ट गोळा न देता ब्रेडवर पातळ लावून.

चण्यांच्या डब्यातलं ते घट्टसर पाणी ओतून टाकताना जीव होत नाही. त्याचं काही करता येतं का?

येतं. त्याला ऍक्वाफाबा म्हणतात, आणि फेटल्यावर ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुलतं. साधारण ३ मोठे चमचे पाणी एका अंड्याच्या जागी धरतात. न शिजवता करायचं तर त्याचं मेयोनेज करा. उंच भांड्यात ३ मोठे चमचे हे पाणी, लहान चमचाभर मोहरीची पेस्ट, चमचाभर लिंबू घ्या. हँड ब्लेंडर चालू ठेवून त्यात पाऊण कप तेल अगदी बारीक धारेने सोडा. दोन-तीन मिनिटांत आवाज बदलतो, जड होतो आणि पांढरं, दाट मिश्रण तयार होतं. मीठ शेवटी, चव बघून, कारण डब्याचं पाणी खारट असतं. तेल घाईने ओतलं तर फाटतं. तसं झालं तर दुसऱ्या भांड्यात चमचाभर नवं पाणी घेऊन फाटलेलं मिश्रण त्यात थेंबाथेंबाने घाला, पुन्हा जमतं. झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. चुरडलेल्या चण्यांत यातले दोन चमचे मिसळून ब्रेडमध्ये भरलेलं सँडविच माझ्या घरी सगळ्यात आधी संपतं.